सध्या काय वाचताय? गावात पुस्तकं सांगायची बैठक अशी बसवा

वाचनाचे कार्यक्रम गावोगाव होतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन होतो. हार, भाषणं, फोटो सगळं होतं. पण त्या दिवशी कुणी कोणतं पुस्तक घरी नेलं आणि त्यातलं किती वाचलं, हे क्वचितच कुणाला कळतं. इथे सांगितलेली बैठक लहान आहे. महिन्यातून एकदा आठ-दहा माणसं गोल करून बसतात, प्रत्येक जण सध्या वाचत असलेलं पुस्तक सांगतो, आणि उठताना चार-पाच पुस्तकांनी हात बदललेला असतो. पुस्तक हललं तर बैठक झाली, नाही तर नुसत्या गप्पा झाल्या. पुढचं सगळं याच हिशेबाने वाचा.

चालू पुस्तकच सांगायचं, संपवलेलं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. संपवलेल्या पुस्तकाबद्दल माणूस मत देतो आणि मत ऐकून फार कुणी पुस्तक उचलत नाही. निम्म्यावर आलेला माणूस मात्र अजून त्या पुस्तकातच असतो. पुढे काय होईल हे त्यालाही माहीत नसतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला शेवट आधीच कळण्याची भीती नाही. शिवाय ‘माझं वाचून झालं नाही’ ही सबबच उरत नाही. महिन्यात वीस पानं वाचणाराही हक्काने येऊन बसतो.

माणसं, जागा, वेळ

आठ ते दहा माणसं पुरेत. एकाला पाच मिनिटं सांगायला आणि तीन मिनिटं प्रश्नांना धरली, तर दहा जणांची ८० मिनिटं होतात. वर दहा मिनिटं देवघेवीला. दीड तासाच्या पुढे बैठक नेऊ नका. दहापेक्षा जास्त माणसं यायला लागली तर दोन गोल करा. वेळ कमी करून सगळ्यांना एकाच गोलात बसवलं की पाचाची दोन मिनिटं होतात आणि नुसती पुस्तकांची नावं ऐकून माणसं घरी जातात.

गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर तीच जागा पहिली. १९६७च्या ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं मराठवाड्यात तालुक्या-तालुक्यात आहेत, मोठ्या गावांतही आहेत. तिथे बसण्याचा मोठा फायदा म्हणजे एखादं पुस्तक ऐकलं की लगेच उठून कपाटात बघता येतं. एक अडचण असते: बऱ्याच वाचनालयांत स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर अभ्यासाला बसलेली असतात. त्यांच्या शेजारी दीड तास बोलत बसणं बरं नाही. वेगळी खोली मागा, किंवा अभ्यासिका सुटल्यावरची वेळ घ्या. वाचनालय नसेल तर जिल्हा परिषद शाळेचा वर्ग मुख्याध्यापकांना विचारून घ्या. देवळाचा पार सोयीचा वाटतो, पण पारावर बायका आणि सगळ्या वस्त्यांतली माणसं मोकळेपणाने येऊन बसतीलच असं नाही. येताना कुणालाच दोनदा विचार करावा लागू नये, अशी जागा निवडा.

वेळ ठरवताना बायकांना आधी विचारा. संध्याकाळी सहा-सात ही स्वयंपाकाची वेळ. ती ठेवली की निम्मे वाचक आपोआप वगळले जातात. रविवारी दुपारी चार ते साडेपाच बहुतेकांना जमतं. एप्रिल-मेमध्ये मात्र चार वाजता पत्र्याच्या वर्गात बसवत नाही. तेव्हा सकाळी आठला बसा. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. एकदा वार ठरला, समजा महिन्याचा दुसरा रविवार, की तो बदलू नका. तारीख दर वेळी फोनवर ठरवावी लागली की तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच बैठक मोडते. पावसाळ्यात लाइट जाईल हे धरून एक चार्जिंगचा दिवा जागेवरच ठेवा.

शेतीचा हंगामही पाहावा लागतो. मृगाचा पाऊस पडला की पेरणीचे पंधरा दिवस कुणी येणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन काढणीला येतं, तेव्हाही तेच. त्या महिन्यांत चार जण आले तरी चौघांची बैठक घ्या, रद्द करू नका. बीड, धाराशिवकडच्या गावांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्यातल्या वाचणाऱ्या पोरांना आणि बायकांना जातानाच दोन-दोन पुस्तकं द्या. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, पुस्तक भिजतं, फाटतं, हे मान्य करून द्या. मोठ्या टायपाची, पक्क्या शिलाईची, शंभर-सव्वाशे पानांची पुस्तकं त्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवा आणि नोंदवहीत परतीच्या रकान्यात ‘गुढीपाडव्यानंतर’ असं लिहा.

पाच मिनिटांत पुस्तक कसं सांगायचं

खरी मेहनत इथे आहे. बहुतेक बैठका इथेच फसतात, कारण शाळेपासून पुस्तक परिचयाची एक ठरीव भाषा सगळ्यांच्या तोंडात बसलेली असते: ‘लेखकाने ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण केलं आहे, भाषा ओघवती आहे, सर्वांनी हे पुस्तक जरूर वाचावं.’ ही तीन वाक्यं शंभर पुस्तकांना लागू पडतात, म्हणून त्यांतून एकही पुस्तक डोळ्यांपुढे उभं राहत नाही.

त्याऐवजी हा क्रम धरा. पुस्तक हातात घेऊन सगळ्यांना दिसेल असं धरा. फोनवरचा मुखपृष्ठाचा फोटो चालणार नाही. नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत आणि ‘हे मला कुठून मिळालं’ एवढं अर्ध्या मिनिटात सांगा. मग ‘मी अमुक पानावर आहे’ असं नेमकं सांगा. मग दोन वाक्यांत पुस्तक कशाबद्दल आहे ते. मग एक उतारा वाचा. शेवटी हे पुस्तक कुणाला जड जाईल किंवा आवडणार नाही, तेही सांगा. हे शेवटचं वाक्य लोक टाळतात, पण त्यानेच ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

नमुना म्हणून रा. रं. बोराडे यांची १९७१ची ‘पाचोळा’ घेऊ. सांगणारा असं म्हणू शकतो: ‘छोटी कादंबरी आहे, मी निम्म्यावर आलोय. गंगाराम हा गावातला शिंपी, आणि गोष्ट सांगते ती त्याची बायको. सगळं तिच्याच तोंडून, आपल्याकडच्या बोलीत आहे. पहिली दहा पानं मनातल्या मनात वाचू नका, मोठ्याने वाचा, म्हणजे बोली कानात बसते. सुखाची गोष्ट हवी असेल त्याने सध्या घेऊ नये.’ एवढ्यात पुस्तकाचा आकार, आवाज, वाचायची युक्ती आणि इशारा सगळं आलं. ‘वास्तव चित्रण’ म्हणावंच लागलं नाही.

उताऱ्याची तयारी घरून करून या. शंभर-सव्वाशे शब्द म्हणजे सावकाश वाचलं तर एक मिनिट. त्याहून मोठा उतारा नको. सुरुवात आणि शेवट शिसपेन्सिलीने बारीक टिंब देऊन ठरवून ठेवा, नाही तर वाचणारा ‘अजून एवढं एकच’ म्हणत पुढे जातो. प्रकरणाची सुरुवात निवडू नका, तिथे बहुधा ओळखी करून देणं चालू असतं. तीन-चार पात्रं एकदम बोलतात असा संवादही नको, कोण बोलतंय ते ऐकणाऱ्याला कळत नाही. जिथे काहीतरी घडतंय, किंवा एखादी वस्तू, जागा, माणूस स्पष्ट दिसतोय, तो तुकडा घ्या. घरी दोनदा मोठ्याने वाचून बघा. जिथे जीभ अडखळते ते शब्द आधीच सापडतात.

कवितेला हा क्रम लागू नाही. तिथे एकच कविता पूर्ण, दोनदा वाचायची. पहिल्यांदा ऐकताना चाल कळते, दुसऱ्यांदा अर्थ लागतो. मध्ये स्पष्टीकरण करू नका.

माहितीच्या पुस्तकाचं उलट आहे. तिथे शेवट लपवण्यात काही हशील नाही. मातीपरीक्षणावरचं पुस्तक असेल तर त्यातला एखादा तक्ताच वाचून दाखवा, इतिहासाचं असेल तर लेखकाचा निष्कर्ष आणि त्याने दिलेला पुरावा सांगा. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आसपासच्या बैठकीत हैदराबाद संस्थानावरची पुस्तकं हमखास येतात. तेव्हा ‘माझ्या आजोबांनी सांगितलं’ आणि ‘पुस्तकात छापलंय’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगायला लावा. दोन्हींना किंमत आहे, पण पुस्तकातल्या गोष्टीला पानाचा नंबर लागतो.

सोडून दिलेलं पुस्तकही सांगता येतं. कितव्या पानावर सोडलं आणि कशामुळे, एवढं सांगितलं की पुरे. बऱ्याचदा त्याच पुस्तकाला लगेच दुसरा वाचक मिळतो.

कुणाला बोलवायचं

‘आमच्या गावात कुणी वाचत नाही’ असं म्हणण्याआधी पोथी वाचणाऱ्या बायकांकडे जा. श्रावणात पोथी लावणाऱ्या, शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज म्हणणाऱ्या, हरिविजय-पांडवप्रताप कितीदा तरी वाचलेल्या बायका गावातल्या सगळ्यात मुरलेल्या वाचक असतात. त्यांना आदराने, पहिल्या बैठकीपासून बोलवा, आणि पाया पडण्यापुरतं नाही, तर इतरांसारखीच पाच मिनिटं द्या. काकूंना ‘तुमची आवडती ओवी म्हणा’ असं सांगू नका. ‘सध्या कितवा अध्याय चालू आहे, त्यात काय घडतंय’ असं विचारा. मग बघा किती बारकाईने सांगतात.

पोथीची रीत या बैठकीच्याही कामाची आहे. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी घरातलं पोर उतारा वाचेल आणि पुस्तक सांगतील ते स्वतः. नातवाने रोज वाचून दाखवलेलं पुस्तक हेही आजोबांचं चालू पुस्तकच आहे.

भाषेचंही तसंच. परभणी, नांदेड, बीड, छत्रपती संभाजीनगर इथे उर्दू वाचणारी घरं भरपूर आहेत. उदगीरकडे कानडी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू जाणणारी माणसं भेटतात. मूळ भाषेत चार ओळी वाचू द्या आणि मग वाचणाऱ्यानेच मराठीत अर्थ सांगावा. आधी मराठी सांगून मग मूळ वाचलं तर लोक ऐकत नाहीत, त्यांचं काम झालेलं असतं. बंजारा तांड्यावरच्या पोरांनी त्यांच्या गोरबोलीतलं काही आणलं तरी हाच क्रम.

स्पर्धा परीक्षेची मुलं ‘आम्ही फक्त अभ्यासाचंच वाचतो’ म्हणतात. इतिहासाचं किंवा राज्यघटनेवरचं मूळ पुस्तक असेल तर ते जरूर आणू द्या, प्रश्नसंच नको.

पुस्तकाने हात बदलणं

एक दोनशे पानी वही करा. रकाने: तारीख, पुस्तक, कुणाचं, कुणाकडे, परत कधी, परत आल्याची सही. सही पुस्तकाच्या मालकाची घ्या, नेणाऱ्याची नाही. म्हणजे ‘मी तर दिलं होतं’ हा वाद होत नाही. मुदत पुढच्या बैठकीपर्यंत, एका वेळी एकाला एकच पुस्तक. पुस्तक हरवलं तर तेच आणून द्यायचं. ते छापलं जात नसेल तर मालक सांगेल ते, तेवढ्याच किमतीचं दुसरं. हे पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून सगळ्यांना वाचून दाखवा. नंतर सांगितलं की ते एखाद्याला उद्देशून आहे असं वाटतं.

वाचनालयाच्या पुस्तकात एक चूक सर्रास होते. सभासद आपल्या नावावरचं पुस्तक परस्पर दुसऱ्याला देतो. मग ते हरवलं तर अनामत याची जाते, आणि वाचनालयाच्या नोंदीत ते एकदाच गेलेलं दिसतं. पुस्तक आधी जमा करा आणि त्याच क्षणी दुसऱ्याच्या नावावर घ्या. देवघेवीच्या नोंदी वाढल्या की ग्रंथपालांनाही वाचनालयाचं काम कागदावर दाखवता येतं, आणि पुढे जागा मागताना तुमचा शब्द वजनदार होतो. वाचनालयाने पुस्तकाला दिलेला दाखल क्रमांक आपल्या वहीतही टिपून ठेवा. तो शीर्षकपानावर किंवा त्याच्या मागे शिक्क्यात असतो.

बैठकीत दोघा-तिघांनी मागितलेलं पुस्तक वाचनालयात नसेल तर मागणी लेखी द्या. नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष आणि मागच्या पानावरचा १३ आकडी, ९७८ने सुरू होणारा क्रमांक लिहिला की खरेदी करणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही. ‘चांगली पुस्तकं मागवा’ अशा अर्जाचं काहीच होत नाही.

पुस्तक सांभाळायचे दोन-तीन नियम. पान दुमडू नका. जुन्या लग्नपत्रिकांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून प्रत्येक पुस्तकात एक ठेवा. बॉलपेनने खुणा करू नका. पुस्तक पावसात भिजलं तर उन्हात टाकू नका, पाठ तडकते आणि पानं वाकडी होतात. पानांमध्ये कोरे कागद घालून सावलीत पंख्याखाली उभं ठेवा आणि कागद बदलत राहा.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप

ग्रुप करा, पण तो दोन बैठकांमधल्या कामापुरता. मुखपृष्ठाचा एक फोटो, पानाचा नंबर, तीन-चार ओळी, किंवा दोन मिनिटांच्या आतला आवाजी निरोप. टाइप करायचा कंटाळा असणाऱ्यांना आवाजी निरोप फार सोयीचा पडतो, आणि त्यात उताराही वाचता येतो. सुप्रभात, जयंतीची चित्रं, इकडून तिकडे पाठवलेले सुविचार नकोत. थोरामोठ्यांच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांसाठी एकच कसोटी लावा: पुस्तक कोणतं, पान कितवं? ते सांगता आलं नाही तर वाक्य ग्रुपवर येणार नाही. पुढच्या बैठकीची तारीख आणि जागा पिन करून ठेवा.

पीडीएफबद्दल स्पष्ट राहा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११पासून सगळ्यांसाठी मोकळं आहे. पण आज लिहिणाऱ्या लेखकाच्या पुस्तकाची स्कॅन केलेली फाइल टाकणं हे बेकायदा आहेच, शिवाय मराठीत आधीच थोड्या निघणाऱ्या प्रतींवर घाला घालणं आहे. फुकट हवंच असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने स्वतःची बरीच पुस्तकं आपल्या संकेतस्थळावर मोफत दिली आहेत. मराठी विश्वकोशही तसाच उघडा आहे. त्यांचे दुवे ग्रुपवर टाका.

काय बिघडतं

सगळ्यात नेहमीचं म्हणजे एकच माणूस वीस मिनिटं बोलतो. बहुधा तो वयाने मोठा असतो, त्यामुळे कुणी थांबवत नाही. यासाठी वेळ पाहणारा दर वेळी वेगळा, शक्यतो शाळकरी, ठेवा. चार मिनिटांनी त्याने वाटीवर चमचा एकदा वाजवायचा, पाच झाली की दोनदा. पोराने वाजवलेल्या वाटीचा राग कुणाला येत नाही आणि सगळ्यांना सारखाच नियम लागतो.

दुसरं, प्रश्नांच्या वेळी शांतता. ‘कुणाला काही विचारायचंय?’ असं विचारलं की कुणी बोलत नाही. त्याऐवजी उजवीकडे बसलेल्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे असं ठरवा. ‘पुस्तक कुठे घडतं?’, ‘किती दिवस लागले?’ असे साधे प्रश्नही चालतात.

तिसरं, जात, धर्म, पक्ष यांवरून चढलेला आवाज. मराठवाड्यात या विषयांवर पुस्तकं आहेत आणि ती सांगितली गेलीच पाहिजेत, टाळू नका. वाद पेटला तर बैठक चालवणाऱ्याने ‘हे पुस्तकात कोणत्या पानावर आहे, वाचून दाखवा’ असं म्हणावं. पानावर आलं की बोलणं ताळ्यावर येतं.

प्रमुख पाहुणे, हार, बॅनर हे काहीच नको. खाणंही चहापुरतंच. एकदा कुणी पोहे-शिरा केला की पुढच्या वेळी चहा आणणाऱ्या घराला त्याहून जास्त करावं लागतं, आणि मग बैठक घ्यायला कुणी तयार होत नाही.

दिवाळी अंक वाटून वाचणं

नोव्हेंबर ते मार्च बैठक जिवंत ठेवायला याच्यासारखा उपाय नाही. मराठीत १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा आहे, पण आता अंकांच्या किमती अशा की एका घराने पाच-सहा अंक घेणं जड जातं. म्हणून आठ जणांनी आठ वेगळे अंक घ्यायचे. कोण कोणता घेणार ते दिवाळीच्या आधी ठरवा, नाही तर तिघांकडे एकच अंक येतो.

प्रत्येक अंक पंधरा दिवसांनी पुढच्या घरी जाईल. आठ घरं, पंधरा दिवस, म्हणजे १२० दिवस; नोव्हेंबरच्या मध्यावर सुरुवात केली की मार्चच्या मध्याला प्रत्येकाचे आठही अंक वाचून होतात. अंकाच्या आतल्या पानावर आठ नावं क्रमाने लिहून ठेवा आणि वाचून झालं की आपल्या नावापुढे एकच ओळ लिहा: कोणती कथा किंवा लेख आधी वाचावा, पानाच्या नंबरसह. शेवटच्या घरी अंक पोचतो तेव्हा त्यावर सात जणांच्या सात खुणा असतात. फेरा मध्येच अडकतो तो बहुधा चौथ्या-पाचव्या घरी, परीक्षा किंवा लग्नसराई असते तिथे. त्या घरावर थांबू नका. अंक पुढे द्या आणि त्यांचा नंबर शेवटी लावा. फेरा संपला की आठही अंक वाचनालयाला द्या आणि पोच घ्या.